बावीस मुली, ढीगभर बॅज आणि एक गाईड कॅप्टन

ताई, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका शाळेत गणित शिकवते आणि तिथली गाईड कॅप्टनही आहे. पथकात सहावी ते नववीच्या बावीस मुली आहेत, तीन संघ. यंदा कुठले प्रावीण्य बॅज (एखादं कौशल्य शिकून, तपासणी देऊन मिळणारे) घ्यायचे, यावरून जूनच्या पहिल्याच सभेत रण माजलं. मुलींनी मोबाईलवर अमेरिकेतल्या मुलींचे बॅजांनी भरलेले पट्टे पाहिलेत, त्यांना तसंच हवंय. मुख्याध्यापकांना राज्य पुरस्काराच्या यादीत शाळेची नावं हवीत, जमल्यास यंदाच. पालक विचारतात, दहावीला मार्क किती वाढणार? हात वर करून मत घेतलं, तर डॉक्टरांची मुलगी जे म्हणेल त्यालाच सगळ्यांचे हात वर. खारवीवाडीतल्या, म्हणजे मच्छीमार वस्तीतल्या, दोघी तर तोंडच उघडत नाहीत. एका आईने निरोप पाठवलाय की शिवण नि स्वयंपाक काय तो शिकवा, पोहणंबिहणं नको. मी कुणाचं ऐकू?
— एक गाईड कॅप्टन

बाई,

मुख्याध्यापकांनी मत दिलं, पालकांनी दिलं, डॉक्टरांच्या लेकीने दिलं, निरोप पाठवणाऱ्या आईनेही दिलं. उरलेल्या एकवीस मुलींचं मत मात्र अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. हात वर करणं म्हणजे मत नव्हे, ती हजेरी झाली. तेव्हा ऐकायचं मुलींचंच, पण वेगळ्या रीतीने. ती सांगतेच. त्याआधी एक गुंता सोडवू या, कारण तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरल्यात.

प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार ही एक सरळ वाट आहे. तिच्यात निवड नाही. मधली पायरी गाळता येत नाही आणि दोन पायऱ्यांमध्ये ठरलेले महिने जावेच लागतात. प्रावीण्य बॅज या वाटेच्या कडेने येतात. त्यातले काही पुढच्या पायरीसाठी लागतात, बाकीचे मुलीच्या आवडीवर. कुठला कशासाठी लागतो, हे आपल्या भारत स्काउट्स आणि गाईड्स संघटनेच्या ‘ॲप्रो’ नियमपुस्तकाच्या तिसऱ्या भागात, म्हणजे गाईड विभागाच्या भागात, दिलेलं असतं. नवी आवृत्ती जिल्हा कार्यालयातून मागवा. शाळेच्या कपाटात पंधरा वर्षं जुनी झेरॉक्स असेल, तर तिच्यावर विसंबू नका.

तुम्ही गणिताच्या बाई, म्हणून पहिलं काम तुमच्याच विषयातलं. एका कागदावर बावीस नावं लिहा. प्रत्येकीपुढे प्रवेशाची तारीख, आत्ताचा सोपान आणि आत्ताची इयत्ता. मग नववीच्या शेवटापासून उलट मोजत या, कारण दहावी लागली की मुलगी क्लासच्या ताब्यात जाते. पाचवी-सहावीत प्रवेश झालेली मुलगी नववीपर्यंत राज्य पुरस्काराच्या तपासणी शिबिराला नीट तयारीने पोचते. आठवीत पथकात आलेली पोचली तर कागदावर पोचते, हाताला काही लागत नाही. हा हिशेब मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. ‘सर, यंदा इतक्या, पुढल्या वर्षी इतक्या, आणि या चौघींना तो मिळणार नाही’ एवढंच सांगायचं. आकडा समोर आला की बहुतेक मुख्याध्यापक शांत होतात, त्यांनाही वर कुणाला तरी आकडाच द्यायचा असतो. आणि त्या चौघींना आजच खरं सांगा. नववीच्या जानेवारीत कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. राज्य पुरस्कार नाही म्हणून त्यांना बॅज नाहीत असं कुठे आहे? उलट त्यांचे हात मोकळे झाले.

मार्कांचं पालकांना थोडक्यात सांगा: त्या त्या वर्षीचा शासन निर्णय शाळेच्या कार्यालयात बघायला मिळेल, त्यात जे असेल ते मिळेल. नियम बदलतात, तेव्हा आत्ताच आकडा तोंडातून काढू नका. तो आकडा पालकांच्या डोक्यात एकदा बसला की पुढची तीन वर्षं तुम्ही त्याचीच उत्तरं देत बसाल.

आता निवड. हात वर करणं बंद. प्रत्येक मुलीला दोन चिठ्ठ्या द्या, नाव न घालता. एकीवर लिहायचं, मला आत्ता काय येतं, घरी किंवा दारी, शाळेत मार्क मिळतात ते सोडून. दुसरीवर, मला काय यायला हवं होतं असं वाटतं. चिठ्ठ्या संघनायिकेकडे. संघाने एकत्र बसून वाचायच्या आणि त्यातून तीन बॅज सुचवायचे: एक सगळ्या संघाने मिळून करायचा, दोन ज्यांना हवेत त्यांच्यासाठी. मग तिन्ही संघनायिका आपली यादी घेऊन मानसभेत येतील, म्हणजे आपल्या कोर्ट ऑफ ऑनरमध्ये. तिथे तुम्ही बसायचं, पण खुर्ची जरा मागे. तुम्हाला नकार फक्त दोन कारणांनी देता येईल: जिवाला धोका असेल, किंवा कॅलेंडरात बसत नसेल. ‘मला हे आवडत नाही’ हे तिसरं कारण नाही. मला विणकाम आवडत नाही म्हणून विणकाम नको, असं म्हणणाऱ्या कॅप्टन मी पाहिल्यात.

या चिठ्ठ्यांनी खारवीवाडीच्या दोघी बोलत्या होतील याची मला बरीच खात्री आहे. कारण सांगते. प्रथम सोपानात शीट बेंड ही गाठ शिकवता ना? एका दोरीचा विळखा करायचा, दुसरी खालून वर काढायची, विळख्याच्या मागून फिरवायची आणि स्वतःच्याच खाली खोचायची. मुली दोनदा करतात आणि तिसऱ्यांदा विसरतात. मासेमारीच्या हाताने विणलेल्या जाळ्याचा प्रत्येक डोळा याच गाठीचा असतो. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा पडवीत जाळी दुरुस्तीला निघतात. बांबूची चपटी सुई, मापासाठी एक पट्टी, आणि बोलता बोलता शेकडो शीट बेंड पडत जातात, न बघता. यातली एखादी गाठ त्या दोघींपैकी कुणालाही झोपेत घालता येत असेल. तिला फक्त कुणी सांगितलेलं नसतं की जी गाठ पुस्तकात आकृती काढून दाखवलीय, ती हीच. पुढच्या सभेत गाठी तुम्ही शिकवू नका, त्या दोघींना शिकवू द्या. डॉक्टरांची लेक खाली बसून शिकेल. तिलाही ते बरंच होईल.

यातूनच माझं म्हणणं लक्षात आलं असेल. बॅजची यादी पुस्तकातून खाली उतरवायची नाही. गावात काय आहे आणि कुणाला काय येतं, ते बघून यादी वर चढवायची. त्यातही एक गोष्ट बहुतेक कॅप्टन शेवटी बघतात, ती पहिल्यांदा बघा: परीक्षक कोण? प्रावीण्य बॅजची तपासणी आपण स्वतः करायची नसते, त्या विषयातला बाहेरचा माणूस लागतो आणि त्याला जिल्हा संघटनेची मान्यता लागते. म्हणून तालुक्यात कोण कोण आहे, याचीच आधी यादी करा. उपकेंद्रातली नर्स, कृषी सहाय्यक, बँकेतला कुणी, होडीवरचा तांडेल, बांबूकाम करणारे आजोबा. ज्या बॅजला परीक्षक मिळत नाही, तो यंदा नाही. निम्मी भांडणं इथेच मिटतील.

माझी पसंती विचाराल तर पहिला बॅज प्रथमोपचाराचा, सगळ्या बावीसजणींनी करायचा. पण तो कोकणातला प्रथमोपचार हवा. पट्ट्या बांधण्याच्या आठ तऱ्हा पाठ करून घेण्यात महिना घालवू नका. आपल्याकडे फुरसं हा विषारी साप आहे, विंचू आहे, ओहोटीला गुडघाभर पाण्यात पाकट माशाचा काटा लागतो. साप चावला तर आवळपट्टी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही आणि प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात तडक न्यायचं. जुन्या वहीत दोरी आवळायला सांगितलेलं असेल, तर ते पान फाडून टाका. आणि असा दवाखाना आपल्या गावापासून कुठे आहे, रात्री तिथे कोण असतं, वाडीतली कुणाची गाडी निघू शकते, हे मुलींनी स्वतः फिरून लिहून आणायचं. पाकटाच्या काट्याला सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि मग दवाखाना, हे तुमच्या खारवीवाडीच्या आज्यांना तुमच्याआधीपासून ठाऊक असेल. विंचवाचं सांगताना महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची गोष्ट जरूर सांगा. कोकणातल्या आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाने माणसं का दगावतात याची त्यांनी नोंद ठेवली, प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं आणि ते जगापुढे मांडलं. शोध लागायला मुंबईच लागते असं नाही, हे सहावीतल्या मुलीला कळायला हरकत नाही.

दुसरा बॅज बांधकामाचा, म्हणजे पायोनियरचा. आपल्याकडे बांबू आहे, सुंभ आहे आणि पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकव (लहान पूल) बांधणारे हात अजून शिल्लक आहेत. मुली मैदानात काठ्यांचं तिवई-टेबल बांधतात, फोटो निघतो आणि संध्याकाळी ते सोडून टाकतात. त्यापेक्षा पाऊस ओसरल्यावर एखाद्या कोरड्या चरावर चार माणसं जातील असा साकव बांधा. त्यावरून आधी तुम्ही चाला. लॅशिंग, म्हणजे काठ्या जखडणारी बांधणी, ढिलं असेल तर दोन पावलांत कळतं, परीक्षकाची वाट बघावी लागत नाही.

तिसरा वाट काढण्याचा आणि निरीक्षणाचा. गोपाळगड तुमच्या हाताशी आहे, अंजनवेलच्या टेकडीवर. नकाशा, होकायंत्र, अंतराचा अंदाज सगळं एका दिवसात होतं, आणि खाली दाभोळची खाडी अख्खी दिसते. त्याला भरतीचं गणित जोडा, तुमचाच विषय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. हा आपल्याकडचा जुना आडाखा. मुलींनी महिनाभर एकाच जेटीच्या एकाच पायरीवर पाणी कधी चढतं ते लिहायचं आणि छापील कोष्टकाशी ताडायचं. आडाखा कुठे मिनिटांनी चुकतो, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी किती वर येतं आणि अष्टमीच्या भांगात, म्हणजे लहान भरतीत, किती कमी, हे सगळं त्यांच्या वहीत उतरेल. यातून बॅज किती निघतील ते सोडा, हेदवीच्या बामणघळीपाशी, जिथे खडकाच्या कपारीत पाणी उसळतं, भरतीच्या वेळी कुणी पाहुणा सेल्फी काढायला पुढे सरकला, तर तुमची सातवीतली पोर त्याला मागे ओढेल. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला म्हणजे काय, हेही याच वहीत येऊ द्या. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर तुमच्या मोठ्या मुलींना आठवत असणार, त्यांना त्याचं महत्त्व शिकवावं लागणार नाही.

आता पोहणं. त्या आईला नाही म्हणू नका आणि हो पण म्हणू नका. तिला शाळेत बोलवा आणि विचारा, कशाची भीती आहे? बहुधा तीन गोष्टी निघतील: पाणी, कपडे आणि बघणारे लोक. तिन्हींना उत्तर आहे. समुद्रात नाहीच, खाडीतही नाही. बाजूला बांध असलेलं, तळ ठाऊक असलेलं साठवण पाणी किंवा तालुक्यातला तलाव, शिकवायला बाई, अंगभर पोहण्याचे कपडे आणि तिथे एक आई कायम हजर. ती आई तीच असेल तर फार उत्तम. एवढ्यातलं एक जरी जमत नसेल तर यंदा पोहणं नाही, इथे मी तुमच्या नकाराच्या बाजूने आहे. पण खाडीकाठी राहणाऱ्या, तरीतून शाळेला येणाऱ्या मुलींना पोहता येत नाही ही गोष्ट मला स्वयंपाकाच्या बॅजपेक्षा जास्त टोचते. स्वयंपाक त्यांच्या आया शिकवतातच.

तरी स्वयंपाकाचा बॅज काही मुली मागतील, मागू द्या. फक्त घरी जे करतात तेच परीक्षकापुढे करून दाखवणं नको. आठ माणसांचं जेवण, तीन दगडांची चूल, ठरवून दिलेले पैसे, बाजार मुलींनीच करायचा आणि शेवटी उरलं किती याचा हिशेब. कुळथाची पिठी आणि भात करूनही पैसे उरवणारा संघ मला पनीरवाल्या संघापेक्षा आवडेल.

कासवांचंही नाव कुणीतरी काढेलच. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची घरटी होतात, आणि वेळासची कीर्ती तर सगळ्यांना ठाऊक आहे. जरूर जा, पण कासवमित्र आणि वनविभाग यांना विचारून आणि ते सांगतील तेवढंच करायला. टॉर्च नाही, पिल्लाला हात नाही. कायद्याने ते संरक्षित जनावर आहे, बॅजसाठीचं साधन नाही. मुलींनी किनाऱ्यावरची तुटकी जाळी आणि प्लास्टिक उचललं तरी कासवांचं काम झालं.

तारे ओळखण्याचा बॅज फार थोड्या शाळा घेतात, तुम्ही घ्या असं सुचवते. डिसेंबरात शिबिराच्या रात्री मृग, व्याध, कृत्तिका फुकटात दिसतात. ध्रुव मात्र आपल्याकडे फार खाली असतो, क्षितिजापासून साडेसतरा अंशांच्या आसपास. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश होतात, म्हणजे दोन मुठींच्याही आत. उत्तरेला डोंगर असेल तर तो दिसणारच नाही, म्हणून जागा समुद्राकाठची घ्या.

आता कॅलेंडर, ते तुमचं. जून-जुलैत गाठी, प्रथमोपचार, शिवण, भरतीची वही. लावणीच्या दिवसांत शनिवार-रविवार मुली शेतात असतात, तेव्हा सभा ठेवू नका. गणपती आणि शिमग्यात सभा ठेवून दाखवणारी कॅप्टन कोकणात अजून जन्माला यायची आहे. दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा खरा हंगाम, साकव, गोपाळगड, शिबिर सगळं त्यात बसवा. फेब्रुवारीत तपासण्या. एका मुलीला एका वर्षात तीनपेक्षा जास्त बॅज देऊ नका. नियमात बसत असेल, तरीही नको.

अमेरिकन पट्ट्यांचं राहिलं. मुलींना दटावू नका, सुंदरच दिसतात ते. फक्त एवढं सांगा की तिथल्या गर्ल स्काउट्सचा सर्वांत वरचा गोल्ड ॲवॉर्ड बॅज मोजून मिळत नाही. गावातला एखादा प्रश्न शोधून, त्यावर टिकेल असं काम एकटीच्या जबाबदारीवर करावं लागतं. भरतीची वही आणि रात्रीच्या दवाखान्याची यादी त्याच जातीची आहे. आणि परदेशी गाईड्स बघायच्याच असतील तर पुणे लांब नाही. जागतिक गर्ल गाईड संघटनेच्या पाच केंद्रांपैकी ‘संगम’ १९६६ पासून पुण्यात आहे. २२ फेब्रुवारीच्या, जगभरच्या गाईड्स पाळतात त्या चिंतन दिनाच्या सुमारास सहल नेता येते का, हे आत्ताच पत्र लिहून विचारा. एस.टी.चं बुकिंग आणि पालकांचे होकार, दोन्हीला वेळ लागतो.

डॉक्टरांच्या मुलीला विसरू नका. ती वाईट नाही, तिला बोलायची सवय आहे एवढंच. परीक्षकांना भेटून वेळ ठरवणं, पत्रं लिहिणं, वही ठेवणं हे काम तिला द्या. बोलून कामं होतात अशा जागी तिचं बोलणं लागू द्या.

आणि हे सगळं नारळी पौर्णिमेआधी उरकून परीक्षकांची यादी मान्यतेसाठी जिल्हा कार्यालयात पाठवा. त्यानंतर चाकरमानी यायला लागतात, गाड्या भरतात, गणपती बसतात आणि तुमचं पाकीट उघडायला टेबलापाशी कुणी नसतं.